डलहौसीच्या पाण्यात

"अगं, हा मेला इथे कुठून आला?"

आईनं काच खाली करून विचारलं. समोर पाटी होती. तिच्यावर 'डलहौसी', पुढे किलोमीटरचा आकडा आणि एक बाण. बाण दाखवत होता तिकडे क्षितिजापर्यंत काही म्हणजे काही नव्हतं. तांबडी जमीन आणि तिच्यावर तेल चोळल्यासारखे चकाकणारे गोटे, बस. या गोट्यांच्या माळाला इथे 'गिबर' म्हणतात.

आई माहेरची साताऱ्याची. शाळेत बाकीच्या मुलांना डलहौसी हा परीक्षेतला दोन मार्कांचा प्रश्न असतो, साताऱ्याच्या माणसांना तो घरातला विषय असतो. १८४८ साली आप्पासाहेब महाराज गेले, त्यांनी घेतलेलं दत्तक या माणसानं नामंजूर केलं आणि 'वारस नाही' म्हणून राज्य खालसा करून टाकलं. मग नागपूर, मग झाशी. आई हे सगळं परवा घडल्यासारखं सांगते. त्यामुळे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तर टोकाला, सिम्पसन वाळवंटाच्या उंबऱ्यावर, अ‍ॅडलेडपासून हजाराहून जास्त किलोमीटर आल्यावर तिला तो भेटावा, हा तिच्या दृष्टीनं निव्वळ आगाऊपणा होता.

"तो स्वतः कधी आला नाही इथे," मी म्हटलं. "नाव त्याच्या मुलीमुळे पडलंय. थांब, पोचल्यावर सांगते."

"पोचलो तर," नवरा पुटपुटला. ऊडनाडाटा गाव सोडल्यापासून रस्ता पन्हळी पत्र्यासारखा झाला होता. अशा रस्त्यावर हळू गेलं तर दात वाजतात, जोरात गेलं तर गाडीचे. आम्ही टायरमधली हवा कमी करून घेतली होती, तरी सकाळी एक पंक्चर झालंच होतं. आईनं तेवढ्या वेळात गोट्यांवर सतरंजी टाकून दशम्या काढल्या आणि जावयाला "सावकाश होऊ द्या हो" म्हणून धीर दिला होता.

आम्ही निघालो होतो डलहौसीच्या झऱ्यांवर, वाटेत तिथलं जुनं स्टेशन. स्टेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फलाट, हमाल आणि वडापाव येतो. इथलं स्टेशन म्हणजे गुरांची जहागीर. मधोमध मालकाचं घर, कामकऱ्यांच्या खोल्या, लोहारकाम, कोठार, गुरांची आवारं आणि त्याभोवती नजर संपेपर्यंत चराऊ जमीन. ही जमीन विकत मिळायची नाही, सरकारकडून भाडेपट्ट्यानं मिळायची. पाऊस वर्षाला जेमतेम दीडशे मिलीमीटरच्या आसपास, तोही लहरी. म्हणजे एकेका गाईला चरायला केवढं रान लागत असेल ते बघा. म्हणून ही स्टेशनं आपल्या जिल्ह्यांएवढी. डलहौसीचं स्टेशन १८७०च्या दशकातलं. पुढे ते शेजारच्या माउंट डेअर स्टेशनात गेलं, आणि १९८०च्या दशकात सरकारनं ते अख्खं विकत घेऊन १९८५ साली विट्जिरा राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं. क्षेत्रफळ पावणेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात. आपला कोल्हापूर जिल्हा एवढाच आहे.

मला राहून राहून आपलं गायरान आठवत होतं. गायरान म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली सगळ्यांची जमीन. इथे एकाच्या गुरांची जमीन सगळ्यांची करायची म्हणून गुरं बाहेर काढली. उलटं गायरान.

झऱ्यांच्या अलीकडे आधी जुनं स्टेशन लागतं. गाडी थांबली आणि धूळ आमच्या मागून येऊन आमच्यावरच बसली. पांढरट दगडाच्या भिंती उभ्या, छप्पर नाही. खिडक्यांच्या चौकोनातून पलीकडचं तेच तांबडं रान दिसतं. एका भिंतीत चुलाणाची जागा शाबूत आहे. थोडं पुढे गुरांच्या आवाराचे लाकडी खांब, उन्हानं राखाडी झालेले, चिरलेले. चिरेत बोट घातलं तर आत लाकूड अजून खणखणीत. दोन खांबांच्या मध्ये जाड तार पिळून बसवली होती आणि तिच्या पिळात काडी अडकवून ताण वाढवलेला. आई तिथे वाकून बघत बसली. कपडे वाळत घालायची तार आजोबा अशीच ताणायचे, म्हणाली. शंभर वर्षांपूर्वीचा कुठला तरी गुराखी आणि माझे पणजोबा, पण पीळ एकच.

आणि भिंतींच्या आजूबाजूला खजुराची झाडं. या वाळवंटात ती इतकी शोभून दिसतात की ती इथलीच वाटावीत. ती इथली नाहीत. वसाहतीच्या काळात हा सगळा मुलूख उंटांवर चालायचा. १८६६च्या सुमारास पोर्ट ऑगस्टाला शंभरावर उंट उतरले, सोबत एकतीस उंटवाले. आले कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. पुढच्या काळात बलुची, पंजाबी, पठाण, सिंधी असे सगळे आले, पण गोऱ्यांच्या लेखी सगळे 'अफगाण'. लोकर, पीठ, चहा, तारेचे खांब, पियानोसुद्धा त्यांच्या उंटांवरून गेले. ते जिथे गेले तिथे खजूर गेला. झऱ्यांवर मात्र खजूर माजला. एकेक झाड भरमसाट पाणी पितं, खाली दुसरं काही उगवू देत नाही. उद्यानानं झऱ्यांकाठचा खजूर बराचसा काढून टाकला. पडक्या घराजवळची काही झाडं इतिहास म्हणून ठेवलीत. वनस्पतीशास्त्र शिकलेल्या माझ्यासारखीला हे बरोबर वाटतं. पण त्याच सावलीत बसून आम्ही चहा प्यायलो, हेही खरं.

"बेचिराग," आई भिंतीला हात लावून म्हणाली. जुन्या महसुली दप्तरातला शब्द. ज्या गावात दिवा लागत नाही ते गाव. माझे आजोबा तलाठी होते, घरात असे शब्द पडून असायचे.

मग मी तिला मुलीची गोष्ट सांगितली.

पुण्यात फर्ग्युसनला मी तीन वर्षं काढली. सकाळी साडेसातचं प्रॅक्टिकल, मग रस्त्यापलीकडे वैशालीत डोसा. तो फर्ग्युसन होता कोण, हा प्रश्न मला तीन वर्षांत एकदाही पडला नाही. टिळक-आगरकर माहीत, डेक्कन एज्युकेशन सोसायटी माहीत, १८८५ साल माहीत. फर्ग्युसन हा एक रस्ता होता आणि एक टी-शर्ट. अ‍ॅडलेडला आल्यावर कधीतरी जुन्या गव्हर्नरांची यादी चाळताना सर जेम्स फर्ग्युसन सापडला. १८६९ ते १८७३ दक्षिण ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर, मग न्यूझीलंड, आणि १८८० ते १८८५ मुंबईचा. आमचाच. कॉलेजचा.

त्याची बायको लेडी एडिथ ही लॉर्ड डलहौसीची धाकटी लेक. १८७० साली अ‍ॅडलेडपासून उत्तरेला डार्विनपर्यंत तारायंत्राची लाइन टाकायची म्हणून पाहणी चालू होती. त्या तुकडीतल्या रिचर्ड नकी नावाच्या सर्व्हेयरला हे गरम पाण्याचे झरे दिसले आणि त्यानं गव्हर्नरच्या बायकोच्या सन्मानार्थ तिच्या माहेरचं नाव दिलं. झालं. पुढच्या वर्षी, १८७१च्या ऑक्टोबरात, ती अ‍ॅडलेडला वारली. फर्ग्युसननं दुसरं लग्न केलं ते इथल्याच मुलीशी, ऑलिव्ह रिचमनशी. ती त्याच्याबरोबर मुंबईला गेली आणि १८८२ साली तिथे कॉलऱ्यानं गेली. हिंदुस्थानच्या गव्हर्नर जनरलची लेक अ‍ॅडलेडला संपली आणि अ‍ॅडलेडची लेक मुंबईला. तो स्वतः १९०७ सालच्या भूकंपात जमैकात मेला. एवढ्या पृथ्वीवर इतकं कसं फिरत होते हे लोक, कोण जाणे.

तारायंत्राची ती लाइन १८७२ साली पुरी झाली. अ‍ॅडलेडची बातमी डार्विनहून समुद्राखालून जावा, सिंगापूर, मद्रास आणि मुंबई अशी टप्पे खात लंडनला जायची. आपल्याकडे तारा कोणी आणल्या? डलहौसीनं. आईनं हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तार आणली, रेल्वे आणली, सगळं आणलं. नेलं काय ते नाही कोणी सांगत."

झरे तिथून थोडे पुढे. गाडी थांबली तेव्हा उन्हं कलली होती आणि हवेत गारठा चढत होता. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, रात्री पारा चार-पाच अंशांवर उतरतो. मेलॅल्युकाच्या काळपट झुडपांची एक दाट रांग दिसली, तिच्यातून लाकडी पायऱ्या खाली गेल्या होत्या. आणि एकदम पाणी. आपल्याकडच्या मोठ्या देवळाच्या तळ्याएवढं, काळंहिरवं, निवांत, वरून वाफेचा पातळ थर सरकत असलेलं.

आईनं साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, शेवटच्या पायरीवर बसली आणि पाय सोडले. "अगं बाई," म्हणाली, "हे तर उन्हाळं!"

तिचं आजोळ राजापूरचं. तिकडे गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळं म्हणतात, त्या नावाचं गावच आहे. पाणी सदतीसेक अंश, म्हणजे थेट अंगाएवढं. मी आत उतरले तेव्हा पाणी कुठे सुरू होतं आणि मी कुठे संपते तेच कळेना. तेवढ्यात पायांना गुदगुल्या. बोटाएवढे मासे टाचांवर तुटून पडले होते. पुण्यात मॉलमध्ये याचेच पाचशे रुपये घेतात, असं नवऱ्याचं म्हणणं.

या माशांवर मी जीव टाकून आहे, म्हणून जरा थांबते. इथे शंभराहून जास्त झरे आहेत, काही या तळ्यासारखे, काही घागरीएवढे. चारी बाजूंना शेकडो मैल कोरडं रान. अशा पाण्याच्या बेटांत मासे अडकून पडले आणि हजारो वर्षांत त्यांच्या वेगळ्याच जाती झाल्या. डलहौसी कॅटफिश, डलहौसी गोबी, डलहौसी हार्डीहेड. जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. गरम आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तग धरतात. त्यांनाही त्याच लाटसाहेबाचं नाव चिकटलंय, बिचाऱ्यांना पत्ता नाही.

पाणी येतं खालून. ऑस्ट्रेलियाच्या पोटात 'ग्रेट आर्टेशियन बेसिन' नावाचा भूजलाचा साठा आहे, सतरा लाख चौरस किलोमीटर पसरलेला. म्हणजे साडेपाच महाराष्ट्र. पूर्वेकडच्या डोंगरांवर पडलेला पाऊस सच्छिद्र खडकात मुरतो आणि वर्षाला एक ते पाच मीटर अशा गतीनं पश्चिमेकडे सरकतो. गोगलगाय बरी. खोल जाताना तापतो, वरच्या पक्क्या थराखाली दाबला जातो आणि इथे खडकाला तडा आहे म्हणून वर येतो. हे पाणी दहा लाख वर्षांहून जुनं असू शकतं. मी हे आईला सांगितलं, तिनं ओंजळीत घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "शिळं नाही वाटत."

१८७८ साली न्यू साउथ वेल्समध्ये बर्कजवळ पहिल्यांदा बोअर मारला आणि पाणी पंपाविना उसळून वर आलं. मग काय. (बोअर हा शब्द इथेही बोअरच. मराठी माणसाला इतकं घरचं वाटणारं इंग्रजी इथे फार थोडं आहे.) हजारो बोअर मारले गेले, त्यांतले कित्येक रात्रंदिवस उघडे वाहायचे, उघड्या चरांतून मैलोन् मैल. त्यातलं बहुतेक पाणी हवेत आणि मातीत जायचं, गाईच्या तोंडी थोडं. साठ्याचा दाब उतरला आणि बरेच नैसर्गिक झरे आटले. आता ते बोअर बुचं मारून बंद करत आणलेत. हा भाग ऐकताना मला लातूर दिसत होतं, सोलापूर दिसत होतं. आमच्या गावाकडे तीनशे फुटांवर लागायचं ते आता आठशेवर लागत नाही, आणि आपल्याकडे खालून दाब देणारं तर कोणी नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी झऱ्यांच्या कडेकडेनं चालत निघाले. आणि तिथे मला ते दिसलं, ज्याच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

लहान झऱ्यांपैकी एकात पाणीच दिसेना. माणसापेक्षा उंच बोरू माजला होता. फ्रॅग्मायटिस, आपल्या ओढ्याकाठी असतो त्याचा सख्खा भाऊ, ज्याची कापून लेखणी करायचे तो. इतका घट्ट की हात घालता येईना. मुळांशी ओल होती, उघडं पाणी नव्हतं. आणि उघडं पाणी नाही तर मासाही नाही.

गोष्ट अशी. गुरं होती तोवर ती झऱ्यांत शिरायची, काठ तुडवायची, शेणामुतानं पाणी घाण करायची. ते वाईटच होतं, म्हणून त्यांना काढलं. काढल्यावर बोरूला खाणारं, तुडवणारं कोणी उरलं नाही. पुढे अभ्यासकांनी जुन्या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा लक्षात आलं की काही लहान झऱ्यांतून मासे नाहीसे झालेत, आणि कारण हा बोरू. ज्यांच्यासाठी गुरं घालवली त्यांच्याच मुळावर गुरं नसणं आलं.

मग गुरं येण्याआधी काय होतं? तेव्हा माणसं होती. लोअर सदर्न अरंडा आणि वांगकांगुरू, इथले मूळ लोक. ती बोरू जाळायची, वेळ बघून, झरा बघून. इथल्या पाण्याशी त्यांच्या गोष्टी, त्यांचे पूर्वज जोडलेले. मोठ्या झऱ्याचं त्यांचं नाव इर्रवान्येरे, बरं करणारं पाणी. आम्ही ज्याला अस्पर्श निसर्ग समजून हरखलो होतो तो त्यांनी राखलेला होता, आपल्याकडे देवराई राखतात तसा.

भाडेपट्टे वाटले तेव्हा या जमिनीला मालक नाही असंच धरून चाललं होतं. गंमत म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या त्या पट्ट्यांत १८५०च्या सुमारापासून एक कलम असायचं, की इथल्या मूळ लोकांना या जमिनीवर फिरायचा आणि पाण्यावर यायचा हक्क राहील. कागद छान होता. प्रत्यक्षात पाण्यावर गाई होत्या आणि बंदूकवाला होता. मग तीच माणसं स्टेशनवर गुराखी झाली, स्वयंपाकीण झाली, मोलकरीण झाली. पगार म्हणजे बहुतेक वेळा पीठ, साखर, चहा, तंबाखू. गुरं कुठे पाणी शोधतील हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ही स्टेशनं त्यांच्या जिवावर चालली. १९६०च्या दशकाअखेर समान वेतन द्यायचं ठरलं तेव्हा उत्तरेकडच्या कितीतरी स्टेशनांनी त्यांना कामावरूनच काढलं.

बोरूसमोर उभी राहून मी साताऱ्याचा विचार करत होते. 'वारस नाही' म्हणायला डलहौसीला दत्तकविधान डोळ्यांआड करावं लागलं, लेखी पुरावा समोर असताना. इथे तेवढेही कष्ट पडले नाहीत. त्याचं नाव नुसतं नकाशावर लिहिलं, आणि बेवारस ठरवायची पद्धत नावासोबत आपोआप आली. आता उद्यान झालं म्हणजे सगळ्यांचं झालं, असं मी येताना मोठ्या उत्साहानं म्हणत होते. आपल्याकडे सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नसतं, गायरानाचं काय होतं ते आपण बघतोच. १९९५ साली विट्जिरा नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानं इर्रवान्येरे संस्थेला, म्हणजे या पाण्याच्या लोकांना दिलं आणि २००७पासून कारभार त्यांचा आणि सरकारचा मिळून चालतो. आधी त्यांच्याकडून घेतलेली जमीन त्यांनाच भाडेपट्ट्यानं. मला हसावं की काय ते कळेना. पण पट्टा कोणाच्या हातात आहे यावर काडी कोण आणि कधी लावणार ते ठरतं. बोरूच्या दृष्टीनं तेवढं पुरेसं असावं.

परत आले तर आई पाण्यातच. नवऱ्यानं घट्ट धरलेल्या दोरीला दुसरं टोक म्हणून ती, कमरेला जुनी ट्यूब, आणि शेजारी क्वीन्सलंडहून वाळवंट ओलांडून आलेली साठीची एक बाई. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. गुडघ्यांवर चर्चा चालू असावी, कारण दोघी आळीपाळीनं आपापला गुडघा पाण्याबाहेर काढून दाखवत होत्या. आदल्या रात्री माझी एक चप्पल गेली होती. डिंगो, म्हणजे इथली रानकुत्री, नेतात, तंबूबाहेर ठेवू नका, अशी पाटी होती. मी वाचली नव्हती. आईला मात्र त्या चपलेचं फार कौतुक. आता ती उरलेली एकच चप्पल अ‍ॅडलेडला दारात ठेवून दिलीय.

निघताना मी तिला ते नाव शिकवायचा प्रयत्न केला. इर्रवान्येरे. माझाही उच्चार धड नाही. ती दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा अडखळली आणि "राहू दे, मला माझं जमतं," म्हणून खिडकीबाहेर बघत बसली. परतीच्या वाटेवर ते पडकं घर पुन्हा लागलं. कोणी गाडी थांबव म्हणालं नाही.

ऊडनाडाटाला फोनला रेंज आली आणि लगेच मावशीचा साताऱ्याहून व्हिडिओ कॉल. दोन दिवस होतात कुठे, फोन लागत नाही, जीव टांगणीला. आईच्या केसांत तांबडी धूळ तशीच होती.

"उन्हाळ्यावर गेलो होतो," आई म्हणाली.

"अगं, तिकडे थंडी आहे ना आता?"

"थंडीच आहे. म्हणून तर गेलो," आई म्हणाली, आणि फोन माझ्याकडे वळवून हळूच, "पायाचे फोटो पाठव तिला. माशांचे पण."